पाय लागला तेव्हा

मकरंदने ती बातमी सरोजामामींना दिली तेव्हा त्याच्या हातात इडल्यांची ताटली होती आणि तोंडात अर्धी इडली, त्यामुळे आपण काय बोलतोय याकडे त्याचं निम्मंच लक्ष होतं. तशी निम्मं लक्ष देऊन बोलायची त्याला सवयच होती. हा सांगलीचा मुलगा दूर दक्षिणेत, सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होता, वेस्ट मांबलममध्ये सरोजामामींच्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहत होता, आणि आपल्या कामाबद्दल ऐकून घेणारं कुणी भेटलं की त्याला आवरणं ब्रह्मदेवाच्याही हातात नव्हतं. ऐकून घेणाऱ्या बहुधा मामीच असायच्या. त्या त्याच्या नात्याच्या कुणी नव्हत्या. पण त्या गल्लीत एका वयापुढची प्रत्येक बाई सगळ्यांची मामीच असते, तशा त्याच्याही झाल्या होत्या.

काम सांगण्यासारखं होतं, हे मात्र कबूल करायला हवं. शहरातल्या एका जुन्या मेडिकल कॉलेजसाठी मकरंदची कंपनी शरीर शिकवणारा चष्मा तयार करत होती. चष्मा बाजारातलाच, डोळ्यांवर डबा बांधल्यासारखा दिसणारा. पण त्यातून जे दिसायचं ते मकरंद आणि त्याच्या सोबत्यांनी बनवलेलं. चष्मा चढवला की समोर एक अख्खा माणूस निजलेला. हाताने एक खूण केली की त्याची कातडी बाजूला व्हायची, दुसऱ्या खुणेला स्नायू, मग शिरा, मग हाडं. काळीज हातात घेऊन फिरवून बघता यायचं आणि जागच्या जागी ठेवता यायचं. मकरंदची स्वतःची करामत म्हणजे तो माणूस हवा तेवढा मोठा करता यायचा, वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मग मुलं बरगड्यांमधून आत शिरायची आणि हृदयाच्या कप्प्यात उभी राहून झडपा उघडताना-मिटताना बघायची. पहिल्यांदा ते चालवून दाखवलं त्या दिवशी मकरंद जमिनीपासून चार बोटं वरून चालत होता.

तर त्या सकाळी इडली गिळत तो म्हणाला, "मामी, तुम्ही बघाच आता. आणखी थोड्या वर्षांत मेडिकल कॉलेजांना प्रेतं लागणारच नाहीत. कुणाला कापायला नको, तो वास नको, काही नको. सगळं चष्म्यात."

मामी त्याच्यासाठी कॉफी वरखाली करत होत्या. त्यांनी पेला त्याच्यापुढे ठेवला, चटणी आणते म्हणाल्या आणि आत गेल्या. चटणी काही आली नाही. मकरंदने तशाच इडल्या संपवल्या आणि कंपनीची बस गाठायला पळाला.

आता यात मामींचं काय बिनसलं, ते सांगायला हवं. सरोजामामी तंजावरच्या मराठी घरातल्या. त्यांचे पूर्वज तिकडे कधी गेले ते त्यांनाही नेमकं ठाऊक नव्हतं, पण त्यांची मराठी त्या पूर्वजांबरोबर गेली ती तिथेच राहिली, आणि मकरंदला ती ऐकताना आपण कुणाचं तरी जुनं पत्र वाचतोय असं वाटायचं. जन्मभर त्यांनी शाळेत गणित शिकवलं. त्यांचे यजमान राघोत्तमराव रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात होते. तीन वर्षांपूर्वी ते गेले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह त्याच मेडिकल कॉलेजला दिला गेला. नातलगांत केवढा गहजब झाला. चिता नाही, अस्थी नाहीत, मग दहावं कशाचं आणि तेरावं कशाचं? एका चुलत दिरांनी तर राघोत्तमराव पिंपळावर लटकणार असं तोंडावर सांगितलं. मामींनी सगळ्यांना कॉफी दिली आणि कॉलेजला फोन स्वतः लावला.

आपणही त्याच वाटेने जायचं हे मामींनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं, आणि अर्ध्या गल्लीला सांगूनही झालं होतं. मकरंदला ते ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते त्याच्या डोक्याच्या एका कोपऱ्यात होतं आणि इडलीच्या वेळचं बोलणं दुसऱ्या कोपऱ्यातून आलं होतं; त्या दोघांची वाटेत गाठच पडली नाही. हुशार माणसांचं असं पुष्कळदा होतं.

पुढचे काही दिवस मामी रागावल्या नाहीत, रुसल्या नाहीत. इडल्या येत राहिल्या, चटणीही येऊ लागली. फक्त बोलणं आटलं. आज ऑफिसात काय झालं, हे विचारणं बंद झालं, आणि मकरंदने आपणहून सांगायला घेतलं की मामींना नेमकं नळाचं पाणी आठवायचं. एवढं झाल्यावर कुणाच्याही डोक्यात प्रकाश पडला असता. मकरंदच्या पडला नाही. त्याला वाटलं, मामींचे गुडघे दुखत असतील.

शेवटी एका संध्याकाळी तो बसमधून उतरून घरी आला तर मामी ओट्यावर घेवड्याच्या शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांनी त्याला बस म्हणून सांगितलं. कॉलेजला फोन केला होता, म्हणाल्या. मुलगा श्रीवत्स टोरांटोला. त्याचं मन वळेपर्यंत नाव नोंदवायचं त्या थांबल्या होत्या, पण आता वाटलं की उशीर नको. तर कॉलेजने सांगितलं की नवी नावं घेणं सध्या थांबवलंय. चष्म्यांचा प्रयोग चालू आहे, कंपनीचा अहवाल आला की देह घ्यायचे की नाहीत ते ठरेल.

"ती कंपनी कोणती तें मज ठाऊक आहे," मामी म्हणाल्या. मग हातातली शेंग तशीच धरून त्यांनी विचारलं, "मकरंदा, खरें सांग. मी त्यांस नकोच का रे आता?"

मकरंदने सांगायचा प्रयत्न केला. तसं नाही मामी, तुम्ही नको असं कुणी म्हणत नाही, तंत्रज्ञान पुढे जातंय, खर्च वाचतो, शीतगृह सांभाळावं लागत नाही. बोलता बोलता त्याच्याच लक्षात आलं की आपण एका जित्याजागत्या बाईला तिचं शीतगृह परवडत नाही असं समजावून सांगतोय, आणि त्याने जीभ चावली.

"पोरांस शिकवलें मी जन्मभर," मामी म्हणाल्या. "निवृत्त झालें त्या दिवशीं घरीं येऊन फार रडलें. तेव्हां हे म्हणाले, सरोजा, रडतेस कशास, तुझा एक वर्ग राहिला आहे अजून. गेल्यावर घे. त्यावर मी दिवस काढितें रे. आणि तूं म्हणतोस तो वर्ग चष्मा घेईल."

त्या उठून आत गेल्या. मकरंद तिथेच बसून राहिला. आपल्या हातून घडलेली चांगली गोष्ट एखाद्याच्या जिवाला लागू शकते हे त्याला आजवर कुणी शिकवलं नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं, आणि त्याहून वाईट हे वाटलं की अहवाल लिहायचं काम त्याच्याकडेच होतं आणि त्यात काय लिहायचं ते जवळजवळ ठरलेलं होतं.

कारण प्रयोग उत्तम चालला होता. कॉलेजने पहिल्या वर्षाच्या मुलांचे दोन गट केले होते. एक गट आधी महिनाभर रीतीप्रमाणे शवविच्छेदनाच्या दालनात, खऱ्या देहाशी, आणि मग चष्म्याकडे. दुसरा गट पहिल्या दिवसापासून चष्म्यावर, दालनात पाऊलही नाही. परीक्षा घेतली तर दोन्ही गटांचे गुण बरोबरीचे. उलट नुसत्या चष्मेवाल्यांना एखादा गुण जास्तच. कॉलेजच्या चालकांना ते दालन मोडून तिथे दुसरं काहीतरी करायचं होतं, आणि कंपनीला आणखी चष्मे विकायचे होते. सगळ्यांचं सगळं जुळत होतं.

एकच किरकोळ तक्रार होती. चष्म्यातल्या माणसाचे अवयव मधूनच आपोआप उपटले जातात आणि मुलांच्या तोंडावर येतात, असं कॉलेजने कळवलं होतं. वरिष्ठांनी मकरंदला सांगितलं की एवढं दुरुस्त कर आणि अहवाल पाठवून दे.

मकरंद कॉलेजात गेला तेव्हा शरीररचनेच्या विभागप्रमुख डॉ. रंजनी त्याला वर्गात घेऊन गेल्या. या बाई कमी बोलत आणि चष्म्याच्या वरून बघत. त्यांचा स्वतःचा साधा चष्मा, नाकावर घसरलेला. प्रयोगाला त्यांनी कधी विरोध केला नव्हता की कौतुकही केलं नव्हतं. त्यांनी एका मुलीला पुढे बोलावलं. तिचं नाव श्रीलक्ष्मी. तिच्या तोंडावर सर्वांत जास्त वेळा अवयव आले होते, आणि त्याबद्दल ती वर्गात पुरेशी चिडवली गेली होती.

श्रीलक्ष्मीने चष्मा चढवला. ती जे बघत होती ते मकरंदला समोरच्या पडद्यावर दिसत होतं, आणि शेजारीच ती स्वतः, रिकाम्या फरशीवर उभी. तिने माणूस मोठा केला. वर्गभर पसरलेल्या त्या देहाच्या कडेकडेने ती चालू लागली, खांद्यापाशी आली, मान वर करून गळ्याच्या शिरा बघायला लागली. बघता बघता एक पाऊल मागे सरली आणि तिची चप्पल त्या माणसाच्या उताण्या पडलेल्या हातावर पडली. म्हणजे पडली फरशीवर. पडद्यावर ती तळहातावर पडलेली दिसली.

मुलीने चटकन पाय उचलला, वाकली, बोटं त्या हाताला लावली आणि डोळ्यांना लावली. सगळं डोळ्याचं पातं लवेपर्यंत. पण त्याच क्षणी तो अख्खा हात खांद्यापासून सुटला आणि तिच्या नाकासमोर येऊन उभा राहिला. ती दचकून मागे झाली, वर्गात खसखस पिकली आणि मकरंद खुर्चीतून उठला.

चूक कुठे आहे ते त्याला तत्क्षणी कळलं. चष्म्याची खूण त्यानेच बसवली होती: हात अवयवापाशी न्यायचा, बोटं मिटायची, चेहऱ्याजवळ आणायचा, की तो अवयव सुटून जवळून बघायला मिळतो. ही खूण बसवताना त्याने जगभरच्या माणसांचे हात कसे हलतात याचा अभ्यास केला होता. आणि ज्या घरात तो वाढला, जिथे पुस्तकाला पाय लागला तर पुस्तकाच्या पाया पडायचं आणि झोपलेल्या भावाला पाय लागला तर त्याच्याही, त्या घरातला हात कसा हलतो हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. कपाळावर हात मारून घ्यावा अशी ही चूक होती, आणि त्याने तो मारून घेतलाही.

मग त्याने श्रीलक्ष्मीला विचारलं की तू आत्ता काय केलंस. काही नाही, ती म्हणाली. तिला खरंच आठवत नव्हतं. त्याने पडद्यावर पुन्हा दाखवलं तेव्हा ती ओशाळली.

"पाय लागला, सर," ती म्हणाली.

"पण तिथे कुणी नाहीये."

"माहितीये, सर. इथे कुणीच नाहीये. आत दालनात मी महिनाभर एका आजोबांच्या उजव्या हातावर शिकले. पहिल्या दिवशी आम्ही त्यांच्या पायांवर फुलं वाहिली, शपथ घेतली. मग रोज तो हात हातात घेऊन बसायचे. नखाखाली हिरवा रंग राहिला होता थोडा, रंगारी असतील नाहीतर घरचं दार रंगवलं असेल. हे ते नाहीत, मला कळतं. पायाला कुठे कळतं?"

मकरंद त्या रात्री झोपला नाही असं लिहायला बरं वाटलं असतं, पण तो छान झोपला. त्याला झोप कधी दगा द्यायची नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मात्र त्याने खूण दुरुस्त करायच्या आधी जुन्या सगळ्या नोंदी उघडल्या. चष्मा प्रत्येक हालचालीची नोंद ठेवतो. चूक केव्हा केव्हा घडली ते तो शोधत गेला, आणि जसजसा शोधत गेला तसतसा त्याचा चहा निवत गेला. चूक घडली होती ती सगळी पहिल्या गटाकडून. दालनातून आलेल्या मुलांकडून. ज्यांनी चष्म्याखेरीज काही पाहिलंच नव्हतं त्या गटाकडून एकदाही नाही.

त्याला वाटलं, त्यांचा पाय लागत नसेल, सावध असतील. म्हणून त्याने त्या गटातल्या एका मुलाचं चित्रण लावलं. कार्तिक नावाचा मुलगा, परीक्षेत पहिला आलेला. कार्तिक त्या मोठ्या केलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर उभा होता, एक पाय ओठांवर, एक डोळ्यावर. त्याने वाकून घोटा खाजवला, शेजारच्याला मेसमध्ये आज काय आहे ते विचारलं, मेंदूकडे जाणाऱ्या नसांची नावं एका दमात बरोबर सांगितली आणि गालावरून चालत निघून गेला. त्याच्यानंतरचीही तशीच. वाईट मुलं नव्हती. त्यांच्या लेखी तिथे कुणी नव्हतंच, आणि खरोखर नव्हतंच की; मकरंदनेच बनवलेला तो माणूस होता, त्याची नखंसुद्धा त्यानेच घासूनपुसून स्वच्छ केली होती.

पण उद्या हाच कार्तिक डॉक्टर होणार होता. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या खाटेशी हाच उभा राहणार होता. मकरंदच्या मनात आलं की त्या खाटेवर आपले बाबा असले तर? आणि मग मामी असल्या तर? त्याने चित्रण बंद केलं.

खूण दुरुस्त करणं सोपं होतं, ते त्याने जेवायच्या आधी करून टाकलं. आता कुणीही पाया पडलं तरी हात उपटून येणार नव्हता. अहवालाचं मात्र त्याने जे केलं ते वरिष्ठांना मुळीच आवडलं नाही. गुणांचे आकडे त्याने जसेच्या तसे दिले, चष्म्याने शिकणं सोपं होतं हेही लिहिलं, कारण ते खरं होतं. आणि शेवटी ती चूक लिहिली, कुणाकडून घडली आणि कुणाकडून घडली नाही तेही लिहिलं. ही दुरुस्त झालेली किरकोळ चूक अहवालात कशाला, असं वरिष्ठांनी दोनदा विचारलं. मकरंद एरवी वरिष्ठांपुढे नंदीबैलासारखा मान हलवायचा. या वेळी म्हणाला की कॉलेजने तक्रार केली होती, तर तिचं काय झालं ते त्यांना सांगायला नको का? शेवटी वरिष्ठांनी अहवाल तसाच पुढे पाठवला.

कॉलेजच्या चालकांची बैठक झाली तिला मकरंदलाही बोलावलं होतं. चालकांमधले ज्येष्ठ, डॉ. कृष्णस्वामी, हे दालन मोडायच्या बाजूचे. त्यांनी सुरुवातीलाच गुणांचे आकडे वाचून दाखवले आणि आता प्रश्न उरतोच कुठे, असं विचारलं. डॉ. रंजनींनी वाद घातला नाही. त्यांनी पडद्यावर अहवालासोबत आलेले चित्रणाचे दोन तुकडे लावले. आधी श्रीलक्ष्मीचा, मग कार्तिकचा. कार्तिक त्या चेहऱ्यावर उभा राहून घोटा खाजवत होता तेव्हा डॉ. कृष्णस्वामींनी टेबलाखाली लांब सोडलेले आपले पाय हळूच आत ओढून घेतले. मकरंदने ते पाहिलं, आणि त्याला कळलं की आता दालन मोडत नाही.

तसंच झालं. ठरलं ते असं: चष्मे राहतील, वाढवूही; पण प्रत्येक मुलाने आधी दालनात जायचं, देहापुढे उभं राहायचं, शपथ घ्यायची, महिनाभर त्याच्याशी बसायचं आणि मगच चष्मा चढवायचा. कार्तिकच्या गटानेही आता जायचं. आणि देहदानाची नावं घेणं पुन्हा सुरू.

मकरंद बैठकीतून निघाला तो थेट घरी. बस नव्हती, म्हणून लोकल पकडून मांबलम स्टेशनवर उतरला आणि भाजीवाल्यांच्या गर्दीतून घाम पुसत गल्लीत शिरला. भर दुपारी त्याला दारात बघून मामी घाबरल्या. त्यांना वाटलं नोकरी गेली. त्याने सगळं सांगितलं, सुरुवातीपासून, आणि या खेपेला पूर्ण लक्ष देऊन. मामी खुर्चीच्या कडेला बसून ऐकत होत्या. श्रीलक्ष्मीचं ऐकून त्यांनी डोळे मिटले. कार्तिकचं ऐकून मात्र त्या त्याच्यावर चिडल्या नाहीत, मकरंदला वाटलं होतं तशा.

"त्या पोराची काय चूक," त्या म्हणाल्या. "तें कोणीं शिकवलेंच नाहीं त्यास. मग येईल कुठून?"

"आता शिकवतील ना, मामी. म्हणजे तुम्ही शिकवाल. तुमचा वर्ग आहे. मी चुकलो त्या दिवशी. चष्मा सगळं शिकवतो, पण समोर माणूस आहे हे माणसालाच शिकवावं लागतं."

मामींनी पदराने तोंड पुसलं. पुसता पुसता त्या रडत होत्या हे लपत नव्हतं, आणि लपवायचा त्यांनी फारसा प्रयत्नही केला नाही. मग त्या उठल्या, त्याच्यापुढे ताकाचा पेला ठेवला आणि नाव नोंदवायला फोन लावून द्यायला सांगितलं. नाव नोंदलं गेलं. पलीकडची मुलगी सगळं विचारून घेत होती, आणि मामी हजेरी दिल्यासारखी एकेक उत्तर देत होत्या.

फोन ठेवल्यावर मकरंदला वाटलं, झालं. तो ताक पिऊन वर जायला उठला तर मामींनी त्याला पुन्हा बसवलं.

"नांव नोंदून काय होतें," त्या म्हणाल्या. "गेल्यावर कुणीतरी फोन करावा लागतो. लौकर करावा लागतो. ह्यांच्या वेळेस मी केला. नांव सांगितलें, पत्ता सांगितला, पण 'गेले' एवढा शब्द कांहीं केल्या तोंडातून येईना. ती पलीकडची मुलगी बिचारी थांबून राहिली." त्यांनी ताकाचा रिकामा पेला बाजूला सरकवला. "श्रीवत्सास नकार नाहीं आता. मी विचारलें परवां. अम्मा, तुझी इच्छा तीच माझी, म्हणाला. पण फोन त्यास जमणार नाहीं. बापाच्या वेळेस तो इथेंच आला होता, भिंतीकडे तोंड करून बसला तो रात्रीपर्यंत हलला नाहीं. चांगला आहे माझा मुलगा. पण हें त्याच्यानें व्हायचें नाहीं. तूं कर."

मकरंद हबकला. "मामी, असं काय बोलता. आणि मी कधी नोकरी बदलून पुण्याला गेलो तर..."

"पुण्यास फोन नाहींत का?"

"आणि मलाही नाही जमलं तर? मीही रडेन हो."

"रडशील, ठाऊक आहे मज. पण तूं रडतां रडतां बोलशील." मामींनी खुर्ची त्याच्या समोर ओढली आणि ताठ बसल्या, आणि मकरंदला एकाएकी त्या शाळेत कशा दिसत असतील ते दिसलं. "आतां म्हणून दाखव. मी पलीकडची मुलगी."

"आत्ता?"

"मग कधीं? तेव्हां मी असेन का ऐकायला?"

मकरंदने हसण्याचा प्रयत्न केला. मामी हसल्या नाहीत. त्या वाट बघत होत्या. बाहेर भाजीवाला ओरडत गेला, शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. त्याने खाली बघितलं, मग वर.

"मी वेस्ट मांबलमहून बोलतोय," तो म्हणाला. "सरोजा राघोत्तमराव. त्यांनी तुमच्याकडे नाव नोंदवलं होतं. त्या..." आणि तिथे तो अडला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि समोर त्या जिवंत, गोऱ्या, सुरकुतलेल्या, नाकात हिऱ्याची चमकी असलेल्या, त्याच्याकडे एकटक बघत बसलेल्या.

"त्या काय?" मामींनी विचारलं.

"त्या गेल्या."

"कधीं?"

"आत्ताच. घरीच."

"बरें. आणि आपण त्यांचे कोण?"

हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. भाडेकरू, हा शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला. खोलीचं भाडं, वरची टाकी, जिन्यातला दिवा, एवढ्यावरच तर इथे आला होता तो. मामी काही सुचवत नव्हत्या. परीक्षेला बसलेल्या पोराला त्यांनी आयुष्यात कधी उत्तर सुचवलं नव्हतं.

"मी त्यांच्या घरचा," मकरंद म्हणाला.

मामींनी मान हलवली. त्यांचा आवाज आता तितका ताठ राहिला नव्हता, तरी त्यांनी वर्ग सोडला नाही.

"ठीक. पत्ता सांगा."

आणि मकरंदने हुंदके देत, नाक ओढत, सगळा पत्ता सांगितला, गल्लीच्या नावापासून पिनकोडपर्यंत.